कलमाच्या चाकूस धार कशी लावावी?

गिरगांव, परळ, लालबाग येथें बिऱ्हाड करून कोंकणांत आंब्याची बाग राखणारे पुष्कळ बागाईतदार आमच्या पाहण्यांत आहेत. पावसाळ्यांत कोय-कलमांसाठीं गांवीं निघण्यापूर्वीं, दारावर धारवाला आला कीं विळी, कोयती व कलमाचा चाकू हीं सारीं हत्यारें ते एकदमच त्याच्या चाकाखालीं देतात. विळीपुरतें हें ठीक आहे. भाजी-मासळीस किंचित् खरखरीत धार मानवते. कोयतीस तर कानसही पुरे. तिची धार जाडच हवी, नाहींतर गांठीवर पडतांच टवके उडतात.

कलमाच्या चाकूची गोष्ट निराळी. त्याचें पातें बहुधा एकाच बाजूनें उतरतें असतें, दुसरी बाजू सपाट. चाकावर दोन्ही बाजू घांसल्या कीं ती सपाटी मोडते, काप वांकडा येतो आणि खुंट व काडी यांच्या सालीखालील जिवंत थर एकमेकांस भिडत नाहींत. कलम मरतें, व आपण दोष पावसास देतों! शिवाय कोरड्या चाकावर तापून धारेवर निळी झांक आली, तर पोलादाचें पाणी उतरलें असें समजावें. मग धार टिकत नाहीं.

सबब हा चाकू घरींच पाजळावा, असें आम्ही सुचवितों. बारीक कणांचा कुरुंदी दगड पाण्यानें भिजवून उतरती बाजू मूळच्याच कलानें घांसावी. सपाट बाजूस खरखर लागूं लागली म्हणजे ती दगडावर अगदीं आडवी ठेवून एकदोनदांच हलकी फिरवावी. नंतर पात्याची पाठ पुढें ठेवून कातडी पट्ट्यावर ओढावें. हिरवी काडी एका ओढींत कापून पाहावी. काप सपाट व चकचकीत आला, सालीस रेशे लोंबले नाहींत, कीं चाकू कामास तयार झाला.