थांबा, कंपायलर विचार करतोय!

‘कोड कंपाइल होतोय’ ही सॉफ्टवेअरवाल्यांची हक्काची सबब. ‘एक्सकेसीडी’ या व्यंगचित्रमालिकेत २००७ साली दोन प्रोग्रामर हीच सबब सांगून ऑफिसात तलवारबाजी करतात. साहेब ओरडतो, कारण ऐकतो आणि ‘चालू द्या’ म्हणतो!

वेळ जातो कुठे? बरेचदा ऑप्टिमायझेशनमध्ये. प्रोग्रॅम पुढे सुसाट पळावा म्हणून कंपायलर कोडवरून पुन्हा पुन्हा हात फिरवतो. अशा प्रत्येक फेरीला म्हणतात ‘पास’. एका पासने फंक्शनं एकमेकांत घुसवली, लूप उलगडून लांबवले, की पुढच्या सगळ्या पासच्या पुढ्यात वाढीव ढीग येतो. त्यातल्या एखाद्याचं काम कोडच्या लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढत असेल तर झालंच कल्याण: फंक्शन दहापट मोठं, वेळ शंभरपट! दुसऱ्या प्रोग्रॅमने आपोआप लिहून काढलेली अवाढव्य फंक्शनं कंपायलरला घाम फोडतात ती यामुळेच.

जावाचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या हॉटस्पॉटने यावर सरळ हात वर केलेत. एखाद्या मेथडचा बाइटकोड ८,००० बाइटच्या वर गेला, की मूळ सेटिंगमध्ये तो ती कंपाइलच करत नाही. बस इंटरप्रिटरवर, एकेक सूचना वाचत रखडत! उद्धट वाटेल, पण व्यवहारी आहे.

आणि कितीही वेळ दिला तरी परिपूर्ण ऑप्टिमायझर कधीच बनू शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालंय. या निष्कर्षाला गमतीने ‘कंपायलर लिहिणाऱ्यांच्या कायमच्या नोकरीचा सिद्धांत’ म्हणतात.

एवढं करून हाती काय? संगणकशास्त्रज्ञ टॉड प्रोबस्टिंग यांनी १९९८ मध्ये खवचट हिशेब मांडला: हार्डवेअरचा वेग १८ महिन्यांत दुप्पट होतो, नुसत्या ऑप्टिमायझेशनने दुप्पट व्हायला मात्र १८ वर्षं लागतात.

पास्कलचे जनक निक्लाउस विर्थ यांची कसोटी सगळ्यांत झकास. नवं ऑप्टिमायझेशन कंपायलरमध्ये घाला आणि त्या कंपायलरने स्वतःलाच कंपाइल करावं. आधीपेक्षा लवकर झालं तर ठेवा, नाहीतर फेका! आजचे भलेभले पास इथे नापास होतील.

तुमचा बिल्ड रखडतोय? जीसीसीला ‘एफटाइम-रिपोर्ट’ हा पर्याय द्या, कोणता पास किती वेळ खातो ते तोच सांगेल. आणि रोजच्या दुरुस्त्यांना ‘ओ-शून्य’, म्हणजे जवळपास बिनऑप्टिमायझेशनचा पर्याय, पुरे. भरपूर ऑप्टिमायझेशनवालं ‘ओ-तीन’ राखून ठेवा, माल ग्राहकाकडे पाठवण्याच्या वेळेसाठी.