पाना कुणी घेतला?

घरात एखादं हत्यार सापडेनासं झालं की पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, ते कधी नीट ऐकलंय? ‘मी पाना कुठे ठेवला?’ असं सहसा कुणी म्हणत नाही. ‘पाना कुणी घेतला?’ असंच म्हटलं जातं. पहिल्या प्रश्नात शोध आहे, दुसऱ्यात आळ आहे. हत्यारं हरवतात कशी, हे नीट कळलं तर दुसऱ्या प्रश्नाची पाळी फारशी येणार नाही. म्हणून आज थोडं त्याविषयी बोलू या.

मी राहतो वरळी कोळीवाड्यात आणि नोकरी केली ती एका कारखान्याच्या टूल स्टोअरमध्ये, म्हणजे कामगारांना हत्यारं देण्या-घेण्याच्या खिडकीमागे. कारखान्यात शेकडो हत्यारं रोज बाहेर जायची आणि संध्याकाळी परत यायची. कोळीवाड्यात एका घरात जेमतेम वीस-पंचवीस हत्यारं असतात, आणि त्यातली निम्मी वेळेला मिळत नाहीत. असं का, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं पडलेला होता.

आमच्याकडे १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागते. होड्या किनाऱ्याला येतात, शाकारल्या जातात. समुद्रावर जायचं नाही म्हणजे माणूस मोकळा, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात वर्षभर पुढे ढकललेलं प्रत्येक काम याच दिवसांत अंगावर येतं. इंजिन खोलायचं असतं, फळ्या तपासायच्या असतात, जाळी दुरुस्त करायची असतात, रंग काढायचा असतो. घरात पत्रा गळतो, मोरीचा नळ ठिबकतो, पोटमाळ्याची फळी वाकलेली असते. त्यात कुणाला हौस असते. कुणी लाकडाची छोटी होडी कोरायला घेतो, कुणी जुना रेडिओ उघडून बसतो. आणि या सगळ्यांना पक्कड एकच! सकाळी ती इंजिनाजवळ, दुपारी मोरीत, रात्री रेडिओपाशी. पंधरा दिवसांनी ती यांतल्या कुठल्याच जागी नसते. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण कामांबद्दल आहे, पण ती हत्यारांनाही तितकीच लागू पडते.

आता यात विसरभोळेपणा किती आणि हिशेबाची चूक किती, ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे, आपण म्हणतो ‘मी विसरलो’, पण बहुतेक वेळा विसरायला मुळात काही आठवणच नसते. हातातला पाना खाली ठेवला जातो त्या क्षणी लक्ष असतं निसटणाऱ्या नटावर, नाहीतर दारातून येणाऱ्या हाकेवर. पाना कुठे टेकवला, याची नोंदच मेंदूत होत नाही. कोऱ्या पाटीकडे कितीही वेळ टक लावून बसलं तरी तिच्यावर अक्षर दिसायचं नाही.

त्यात मनाची झोळी लहान. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडलं, की माणूस एका वेळी साधारण सात, दोन कमी किंवा दोन जास्त, इतक्याच गोष्टी तात्पुरत्या ध्यानात धरू शकतो. पुढे २००१ साली नेल्सन कोवान यांनी हा आकडा आणखी खाली आणला. त्यांच्या मते तो चारच्या आसपास आहे. आता इंजिनाचे बोल्ट कुठल्या क्रमाने काढले, नळाचा वायसर केवढा आणायचा, रंगवाल्याला किती द्यायचे, एवढ्यातच झोळी भरली. पक्कड कुठे ठेवली याला तिथे जागा उरते कुठे?

दुसरी गोष्ट दारांची. एका खोलीतून दुसरीत गेल्यावर आपण इथे कशाला आलो, हेच आठवत नाही, हा अनुभव सगळ्यांना आहे. गॅब्रिएल रॅडव्हान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रयोग करून दाखवलं, की दार ओलांडण्याचाही स्मरणावर परिणाम होतो. २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला. त्यांना आढळलं, की मन मोकळं असेल तर दाराचा फारसा फरक पडत नाही. मनावर आधीच दुसरा भार असेल तेव्हा मात्र पडतो. म्हणजे दोष दाराचा कमी आणि डोक्यातल्या गर्दीचा जास्त.

तिसरी गोष्ट अर्धवट कामांची. ब्लूमा झायगार्निक या संशोधक बाईंनी १९२७ साली बर्लिनमधल्या आपल्या प्रयोगांवरून लिहिलं, की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा मध्येच सोडलेलं काम जास्त लक्षात राहतं. पुढच्या अभ्यासांत हा निष्कर्ष दर वेळी तसाच आला नाही. पण अर्धवट कामाकडे परत वळण्याची ओढ माणसाला असते, हे बऱ्यापैकी टिकलं आहे. २००९ साली सोफी लरॉय यांनी दाखवलं, की एक काम सोडून दुसऱ्याकडे गेलं तरी लक्षाचा काही भाग मागच्या कामातच रेंगाळतो. हात नळावर आणि मन इंजिनात. अशा वेळी हातातली वस्तू कुठे ठेवली जाते, ते पाहणारं तिथे कुणीच नसतं.

चौथी गोष्ट निव्वळ हिशेबाची आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने १९६१ साली एक साधा नियम गणिताने सिद्ध केला. दुकानातली रांग असो की कारखान्यातली कामं, हाती असलेल्या कामांची संख्या भागिले पूर्ण होण्याचा वेग, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. समजा, तुमच्याकडून महिन्याला एक काम पुरं होतं. हाती तीन कामं असतील तर प्रत्येक काम सरासरी तीन महिने चालतं. नऊ असतील तर नऊ महिने. कष्ट तेवढेच, पण पसारा तिप्पट काळ. आणि काम उघडं आहे तोवर त्याची हत्यारं त्याच्या भोवती पडलेली. एवढ्या काळात त्यांच्यावर जाळं पडतं, गोणपाट पडतं, पोरांची दप्तरं पडतात. मग काखेत कळसा आणि गावाला वळसा.

इतकं सांगायचं कारण, नुकसान फक्त पान्याचं होत नाही. आमच्या गल्लीत घराला घर लागून आहे आणि हत्यारं एकमेकांकडे मागायची रीत आहे. अशा ठिकाणी वस्तू हरवली की संशय आधी सर्वांत गरिबावर जातो. एका होडीवरचा मोठा पाना असाच दिसेनासा झाला. परगावाहून आलेला, नुकताच लागलेला खलाशी पोरगा होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे. कुणी तोंडावर बोललं नाही, पण त्याच्यासमोर हत्यारांची पेटी बंद व्हायला लागली. चार दिवसांनी तो गावी निघून गेला. पुढे इंजिनाखालचं तेलकट पाणी उपसताना पाना तळाशी मिळाला. पाना पुसून पेटीत ठेवता आला. त्या पोराला मात्र कुणी कळवलं नाही, कारण त्याचा पत्ता कुणीच विचारून ठेवला नव्हता.

कारखान्यात हा प्रश्न कसा सोडवतात? स्मरणशक्तीवर मुळीच भिस्त ठेवत नाहीत. आमच्या खिडकीवर प्रत्येक कामगाराचे नंबर घातलेले पितळी बिल्ले असत. हत्यार हवं तर बिल्ला द्यायचा, तो त्या हत्याराच्या खिळ्यावर लटकायचा. हत्यार परत आलं की बिल्ला परत. रिकामा खिळा म्हणजे बोलणारी जागा. हत्यार कुणाकडे आहे हे तो न विचारता सांगतो. त्यामुळे आळ घ्यायला वावच राहत नाही. विमानांच्या कारखान्यात फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते, म्हणजे काय परत आलं नाही ते लांबूनही दिसतं. तिथे इंजिनात राहिलेला एक पेचकस माणसांच्या जिवावर बेतू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासयादी आणली. रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी उपकरणं, बोळे आणि सुया मोजून पूर्ण असल्याचं मोठ्याने सांगायचं, हे त्या यादीत आहे. एवढी शिकलेली माणसं मोजतात, मग आपल्याला मोजायला कमीपणा का वाटावा?

आणि मोजणं आपल्याला परकंही नाही. खंडेनवमीला आणि दसऱ्याला सुतार, लोहार, गवंडी आपापली हत्यारं धुऊन-पुसून मांडतात आणि पूजतात. रंधा, पटाशी, करवत, ओळंबा, थापी, सगळं एका ओळीत. पूजेच्या निमित्ताने काय आहे, काय मोडलंय आणि काय नाही, हे वर्षातून एकदा घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांखालून जातं. फक्त वर्षातून एकदा हे फार कमी आहे, एवढंच.

घरापुरतं काय करता येईल? पहिलं, उघडी कामं दोनच ठेवा. एक पोटापाण्याचं, एक घरचं. हौसेचं काम यांतलं एक मिटल्यावर. दुसरं, काम सहसा अडतं ते सुटा भाग मिळत नाही म्हणून, आणि त्याच फटीत नवं काम घुसतं. तेव्हा उठण्याआधी हत्यारं पेटीत टाका आणि एक चिठ्ठी लिहा: कुठवर आलं, काय आणायचंय, पुढे काय करायचंय. लरॉय यांच्याच २०१८ सालच्या अभ्यासात दिसलं, की अशी छोटी नोंद करून उठलं तर मन मागे रेंगाळत नाही. तिसरं, एका कामाला एक टोपली. हत्यार जमिनीवर, खिडकीत किंवा खिशात ठेवायचं नाही. हातात नसेल तेव्हा टोपलीत. लक्ष नसलं तरी हात तिकडेच वळतो, कारण सवयीला आठवण लागत नाही.

चौथं, कुणी हत्यार मागून नेलं तर त्याच्या जागी नावाची चिठ्ठी अडकवा. स्वतःच्या भावाचंही नाव लिहा. मग ते अपमानाचं राहत नाही, रीत होते. आणि हरवलं म्हणून लगेच नवं आणू नका. होडीवर एक आणि घरात एक अशा दोन पकडी असाव्यात, ते योग्यच. पण जागा न ठरवता तिसरी आणली, तर हरवायला आणखी एक मिळाली, इतकाच त्याचा अर्थ.

राहता राहिली यादी. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हत्यारांची नावं लिहून चिकटवा आणि होडी पाण्यात उतरवण्याआधी तांडेलाने ती एकदा मोठ्याने वाचावी. पाच मिनिटांचं काम आहे. किनाऱ्यावर पाना नसला तर शेजारच्या घरात मिळतो. खोल पाण्यात इंजिन थांबलं, तर ज्याच्याकडे मागायला जावं असं शेजारचं घर तिथे नसतं.