जुन्या मोटारीतील हीटर व व्हॅक्यूमच्या नळ्या

अंधेरीसारख्या दमट हवेच्या ठिकाणी मोटारीतील हीटर थंडीसाठी क्वचितच लागतो. परंतु पावसाळ्यात पुढील काचेवर आतून धरणारे बाष्प घालविण्यास तो उपयोगी पडतो. पहाटे भाजीपाला घेऊन निघणाऱ्या शेतकऱ्याने म्हणून त्याची हेळसांड करू नये.

कित्येक जुन्या पेट्रोल गाड्यांत गरम हवेची झडप इंजिनाच्या शोषणाने, बारीक रबरी नळीवाटे हलते. नळी तडकल्यास झडप अडते, फुसफुस आवाज येतो व इंजिन मंद गतीत अडखळते. इंजिन थंड असताना नळी तपासावी. टोकाशीच चीर असल्यास तेवढा भाग कापून ती पुन्हा घट्ट बसवावी. अन्यथा शोषणाने न चपटणारी जाड नळी घालावी. ब्रेकच्या बूस्टरची नळी मात्र सांधून कधीही वापरू नये. ती निसटल्यास ब्रेक एकाएकी जड होतो.