कोरडवाहूचा हिशेब

हैदराबादहून जहीराबाद, सोलापूर करीत पुण्याकडे जाणारा रस्ता हा आमच्यापैकी पुष्कळांचा गावाकडचा रस्ता. कोरडवाहू शेतीचे जुने शहाणपण आणि नवे शास्त्र ही दोन्ही याच रस्त्याच्या कडेला नांदत आहेत.

पाऊस बेभरवशाचा, हे गृहीत धरूनच आमच्या पूर्वजांनी रब्बी ज्वारीची शेती बसविली होती. काळी जमीन पावसाळ्यात पेरावयाची नाही. वखराच्या पाळ्या घालून तिच्या पोटात पाणी मुरू द्यावयाचे. भाद्रपद-आश्विनात तिफणीने पेरले, की पुढे पाऊस आला नाही तरी पीक त्या ओलीवर तग धरी. जमिनीला भेगा पडू लागल्या की कोळपणी करून त्या बुजवावयाच्या. ज्वारीच्या काही तासांमागे करडईचे तास असे. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागावे, हा त्यातील हिशेब. दाणा माणसांना, कडबा गुरांना आणि उरलेले धान्य पेवात. सोलापूरपलीकडील मोहोळ येथे गावरान ज्वारीतून निवडलेले ‘मालदांडी ३५-१’ हे वाण आजही पेरले जाते.

तथापि जुने ते सारे सोने, असे आम्ही म्हणणार नाही. १९७२ च्या दुष्काळात हा हिशेबही अपुरा पडला. वडीलधाऱ्यांनी परदेशी मिलोच्या भाकरीवर दिवस काढले. त्याच वर्षी पटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. पावसाळ्यात पडीक राहणाऱ्या काळ्या जमिनीत रुंद वरंबे व सऱ्या काढून जादा पाणी वाहून नेता येते आणि खरिपाचेही पीक घेता येते, हे तिने दाखविले. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा इत्यादींच्या बियाण्यांचे लाखाहून अधिक नमुने तेथे जतन केलेले आहेत.

परंतु शीतगृहात राखलेले बी आणि शेतात नांदणारे बी यांत अंतर आहे. आमच्या गावच्या शेतात आता सोयाबीनवाचून दुसरे पीक नाही. घरचे ज्वारीचे बी मागावे, तर भावकीत कोणाजवळही नाही. शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? भाकरी आधी आमच्याच ताटातून गेली.

जहीराबादजवळील पस्तापूरच्या स्त्रियांनी मात्र वेगळा मार्ग धरला. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघांतील या दलित शेतकरी स्त्रिया एकाच शेतात अनेक पिके घेतात, राख व कडुलिंबाचा पाला घालून बियाणे राखतात आणि एकमेकींना देतात. २०१९ मध्ये त्यांच्या कार्यास इक्वेटर पुरस्कार लाभला.

पुढच्या खेपेस गावी जाताना आम्ही पस्तापूरला उतरणार आहोत. ओंजळभर बी मिळाले, तर गावच्या शेतात निदान चार तास ज्वारीचे आणि एक करडईचे पडावे, एवढीच इच्छा आहे.