अनामिक वीराचें नांव

रणांगणावर देह ठेवणाऱ्याला वीरगति लाभते, असें आपल्याकडे पूर्वापार मानीत आले आहेत. परंतु मागें राहिलेल्या आईबापांचें समाधान तेवढ्यानें होत नाहीं. मुलाचा देह दृष्टीस पडावा व त्याची उत्तरक्रिया आपल्या हातून व्हावी, एवढीच त्यांची मागणी असते. देह हातीं आलाच नाहीं, तर दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यावर संस्कार करावा, अशी तोड आपल्या धर्मशास्त्रकारांनीं काढून ठेविली आहे. पण तेथेंहि नांव आणि गोत्र यांचा उच्चार चुकत नाहीं. या नांवाचें मोल काय, हें अमेरिकेंतील एका तरुण वैमानिकाच्या कथेवरून चांगलें कळून येतें.

पहिल्या महायुद्धांत तोफांच्या भडिमारानें असंख्य शिपायांचे देह ओळखूं येईनासे झाले. तेव्हां १९२० सालीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें अशा एका अनामिक योद्ध्याला राजेरजवाड्यांच्या पंक्तीला चिरविश्रांति देण्यांत आली. पुढच्याच वर्षीं अमेरिकेनें वॉशिंग्टनलगतच्या आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमींत तसाच विधि केला. कल्पना मोठी हृदयस्पर्शी होती. ज्याला नांव नाहीं, तो कोणत्याहि आईचा मुलगा असूं शकतो! १९५८ सालीं दुसऱ्या महायुद्धांतील व कोरियाच्या युद्धांतील एकेक अनामिक तेथें आणण्यांत आला. सन १९३७ पासून तेथें अहोरात्र पहारा आहे. पहारेकरी एकवीस पावलें चालतो, एकवीस सेकंद स्तब्ध राहतो आणि पुन्हां फिरतो.

व्हिएतनामच्या युद्धांतील अनामिकाचा दफनविधि २८ मे १९८४ रोजीं अध्यक्ष रीगन यांच्या उपस्थितींत झाला. ‘मेडल ऑफ ऑनर’ हें त्या देशाचें सर्वोच्च शौर्यपदक त्याला अर्पण करण्यांत आलें. त्या शवपेटींत होतीं अवघीं सहा हाडें. आणि त्या हाडांना एके काळीं नांव होतें!

तें नांव लेफ्टनंट मायकेल ब्लासी. सेंट लुई शहरांतील पांच भावंडांतला हा थोरला. १९७० सालीं तो वायुदलाच्या अकादमींतून पदवी घेऊन बाहेर पडला. ११ मे १९७२ रोजीं दक्षिण व्हिएतनामांतील अन लॉक या गांवाजवळ त्याचें विमान शत्रूच्या माऱ्यानें कोसळलें. तेव्हां त्याचें वय अवघें चोवीस वर्षांचें होतें. तो मुलूख शत्रूच्या ताब्यांत असल्यामुळें देह आणतां आला नाहीं. सुमारें साडेपांच महिन्यांनीं एका गस्तीच्या तुकडीला तेथें कांहीं हाडें, वैमानिकाच्या पोशाखाचे तुकडे आणि ब्लासीचें ओळखपत्र सांपडलें. ओळखपत्र पुढें वाटेंतच गहाळ झालें. हाडांवर मात्र ‘ब्लासी असावा’ अशी नोंद झाली.

नंतर हवाई बेटांतील प्रयोगशाळेंत त्या हाडांवरून वय आणि उंची यांचा जो अंदाज बांधण्यांत आला, तो ब्लासीशीं जुळला नाहीं. पोशाखावरील केसांवरून ठरविलेला रक्तगटहि निराळा निघाला. म्हणून १९८० सालीं ती नोंद खोडून ‘एक्स-२६’ एवढीच खूण ठेवण्यांत आली. चार वर्षांनीं हाच एक्स-२६ राष्ट्राचा अनामिक वीर म्हणून निवडला गेला. मुलाचा देह सांपडला नाहीं, एवढेंच त्याच्या आईला ठाऊक होतें.

१९९४ नंतर या गोष्टीचा बोभाटा होऊं लागला, आणि १९९८ च्या आरंभीं एका दूरचित्रवाणी-संस्थेनें ती देशापुढें मांडिली. घरच्यांनीं थडगें उघडण्याची मागणी केली. यावर आक्षेप घेणारेहि होते. साऱ्या राष्ट्रानें जेथें मस्तक नमविलें, तें स्थान एका कुटुंबासाठीं उकरावें काय? आक्षेप पोकळ नव्हता. त्या थडग्यापुढें कित्येक निपुत्रिक झालेल्या माता आपलाच मुलगा समजून अश्रू ढाळीत असतील. परंतु ज्याचें नांव कळूं शकतें, त्याला अनामिक म्हणून पुजणें हा सन्मान खरा कीं विस्मृति खरी? सरकारनें आईच्या बाजूनें निर्णय दिला, आणि १४ मे १९९८ रोजीं थडगें उघडण्यांत आलें.

हाडांची ओळख पटविण्याची जी विद्या १९८४ सालीं हातीं नव्हती, ती आतां उपलब्ध झाली होती. आपल्या शरीरांतील पेशींत मायटोकॉन्ड्रिया नांवाचे सूक्ष्म घटक असतात. त्यांतील डीएनए हें आनुवंशिक द्रव्य अपत्याला आईकडून मिळतें. आणि एकेका पेशींत त्याच्या पुष्कळ प्रती असल्यामुळें जुन्या हाडांतहि तें हातीं लागण्याचा संभव अधिक असतो. आईच्या व बहिणीच्या रक्ताशीं तें ताडून पाहिलें, तों जुळलें! कुल आणि गोत्र बापाकडून येतें, असें आपण म्हणतों. येथें मुलाची ओळख पटविली ती आईच्या वारशानें.

३० जून रोजीं निर्णय जाहीर झाला, आणि ११ जुलै १९९८ रोजीं, मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनीं, मायकेल ब्लासी सेंट लुईजवळच्या जेफर्सन बॅरेक्स येथील दफनभूमींत आपल्या नांवाच्या शिळेखालीं विसावला. तें सर्वोच्च पदक मात्र त्याच्याबरोबर गेलें नाहीं. तें व्हिएतनामच्या अनामिकाला दिलेलें होतें, व्यक्तीला नव्हे, असें सरकारनें ठरविलें. घरीं परत येतांना त्यानें सोबत आणिलें तें केवळ आपलें नांव. आणि आईला तेंच हवें होतें.

आर्लिंग्टनची ती जागा पुन्हां भरण्यांत आली नाहीं. १९९९ सालीं तिच्यावरील शिळा बदलून, बेपत्ता झालेल्या सर्व सैनिकांशीं राष्ट्र इमान राखील, अशा अर्थाचा लेख कोरण्यांत आला. शेजारीं पूर्वींचे तीन योद्धे आजहि नांवावांचून निजलेले आहेत, आणि पहारेकऱ्याचीं एकवीस पावलें अखंड चालूं आहेत. त्या तिघांच्या माता मुलांची वाट पाहत केव्हांच निघून गेल्या असतील. एका आईची वाट पाहणें तरी फळाला आलें, याची साक्ष ती रिकामी जागा देत आहे.