केसपेपर कोणासाठी लिहिला जातो?

नागपूरच्या मेडिकल चौकात रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात हमखास एक प्लास्टिकची पिशवी दिसते. एक्स-रे, रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार आणि या सगळ्यांच्या झेरॉक्स. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीहून ‘मेडिकल’ला किंवा ‘मेयो’ला येणारा माणूस ही पिशवी पैशाच्या पाकिटापेक्षा जास्त जपतो. या कागदांवर आपल्याला उपचार मिळतात, हे त्याला ठाऊक असते. याच कागदांवर रुग्णालयालाही पैसे मिळतात, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही. आजाराची नोंद पैशात कशी बदलते आणि त्या व्यवहारात रुग्णाच्या हाती काय राहते, हे मला येथे तपासायचे आहे.

फॅमिली डॉक्टरच्या काळात हा प्रश्नच नव्हता. डॉक्टर कार्डावर दोन ओळी लिहीत, त्या स्वतःच्या आठवणीसाठी. फी रुग्णाच्या खिशातून येई. नोंद आणि पैसा यांची गाठ पडत नसे. ती पडली तिसरा पक्ष आला तेव्हा. पैसे देणारा हा पक्ष रुग्णाला कधी पाहत नाही. त्याला दिसते ती फक्त नोंद.

महाराष्ट्रात हा तिसरा पक्ष सर्वसामान्यांच्या घरापर्यंत पोहोचला तो राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेतून. २ जुलै २०१२ रोजी ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती होते. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी नागपुरातील कार्यक्रमात तिचा विस्तार उरलेल्या राज्यात झाला. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले.

या योजनेत रुग्णालयाला दिवसाच्या हिशेबाने बिल लावता येत नाही. प्रत्येक उपचाराचे ठरलेले पॅकेज असते. खाट, औषधे, तपासण्या, शस्त्रक्रिया, जेवण सारे त्यातच. आरोग्यमित्र कार्ड तपासून नाव नोंदवतो. रुग्णालय रिपोर्ट संगणकावर चढवून पूर्वमंजुरी मागते. पलीकडे बसलेला डॉक्टर ते पाहून मंजुरी देतो किंवा शंका काढतो. उपचारानंतर शस्त्रक्रियेची टिपणे, छायाचित्रे, डिस्चार्ज कार्ड पाठवायचे. अँजिओप्लास्टी असेल तर आधीची-नंतरची चित्रे आणि स्टेंटचे स्टिकरसुद्धा. मग दावा मंजूर होतो. एखादा कागद राहिला, तर केलेल्या उपचाराचेही पैसे अडकतात.

ही तपासणी अनाठायी नाही. सरकारी पैसा आहे आणि न झालेल्या शस्त्रक्रियेचे बिल लावणारेही असतात. पण पैसा नोंदीवर ठरू लागला की नोंद पैशाच्या दिशेने झुकते, हा जगाचा अनुभव आहे. येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी रुग्णांचे निदानानुसार गट पाडले, ते रुग्णालयाचे काम मोजता यावे म्हणून. १९८३ पासून अमेरिकेच्या मेडिकेअरने त्याच गटांवर रुग्णालयांना पैसे देणे सुरू केले. त्यानंतर साध्या आजाराला भारी आजाराचा कोड लावण्याची युक्तीही रूढ झाली.

खोटी नोंद पकडता तरी येते. न झालेली नोंद पकडता येत नाही. माझ्या एका नातेवाइकाची अशी जाडजूड फाईल मी वाचली. मंजुऱ्या, आकडे, फोटो सारे जागच्या जागी. पण हा माणूस खेड्यात एकटा राहतो, महिन्याची औषधे आणून देणारे कोणी नाही, हे त्यात कुठेच नव्हते. दाव्याला त्याची गरज नव्हती.

कागदाची सत्ता आणखी एका ठिकाणी दिसते. पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्याला योजनेत जागा होती ती चौदा आपत्तीग्रस्त जिल्ह्यांत, सातबारा दाखवून. वर्धा त्या यादीत होता, नागपूर नव्हता. म्हणजे सेलूचा शेतकरी आत आणि बुटीबोरीचा बाहेर. दोघांचे हृदय सारखेच दुखले तरी. १ जुलै २०२४ पासून योजना सर्व कुटुंबांना लागू झाली आणि ही भिंत पडली.

काही ठिकाणी तर उपचाराचे नव्हे, थेट माहितीचेच पैसे मिळतात. क्षयरुग्णाची नोंद कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे. ‘निक्षय’वर रुग्ण नोंदवणाऱ्या खासगी डॉक्टरला ५०० रुपये आणि उपचाराचा निष्कर्ष कळवल्यावर आणखी ५०० रुपये मिळण्याची तरतूद झाली. त्याच नोंदीवर रुग्णालाही २०१८ पासून पोषणासाठी महिना ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. हा व्यवहार मला सरळ वाटतो, कारण माहिती ज्याची, त्याच्याही पदरात काही पडते. दुसरे उदाहरण ‘आभा’ या चौदा आकडी आरोग्य खात्याचे. १ जानेवारी २०२३ पासूनच्या केंद्रीय प्रोत्साहन योजनेत, ठरावीक संख्येपलीकडे या खात्याला जोडलेल्या प्रत्येक नोंदीमागे रुग्णालय-दवाखान्यांना २० रुपयांपर्यंत रक्कम देऊ केली गेली. रुग्णाचा लाभ असा की, त्याचे रिपोर्ट त्याच्या मोबाइलमध्ये येतात. अर्थात मोबाइल असेल आणि वाचता येत असेल तर.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. पण शासन लाभ किंवा अनुदान देत असेल, तर काही अटींवर नव्याने संमती न घेताही माहिती वापरण्याची मुभा त्यात आहे. योजनेतला रुग्ण नेमका याच मुभेत बसतो. पैसे देऊन उपचार घेणारा ‘नाही’ म्हणू शकतो. फुकट उपचार घेणाऱ्याला तो शब्द परवडत नाही.

त्याच्या हाती एक जुना हक्क मात्र आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरने तीन वर्षे जपायची असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. रुग्णालयाचा दावा ज्या फाईलवर मंजूर होतो, ती फाईल रुग्णाला न मागता मिळायला हवी, आणि तिच्यात मराठीतले एक पान हवे: काय झाले, काय केले, घरी कोणती औषधे किती दिवस घ्यायची. दाव्यासाठी चाळीस कागद तपासले जातात. त्यांत हे एक पान सक्तीचे केले, तर मेडिकल चौकातल्या त्या पिशवीत रुग्णासाठी लिहिलेला निदान एक कागद असेल.