जलपर्णीचा वैरी

झाशीच्या दक्षिणेस बबीना हे लष्करी छावणीचे गाव लागते. हा बुंदेलखंडाचा खडकाळ मुलूख. जमिनीखालील पाण्याचा येथे भरवसा नाही. म्हणून चंदेल व बुंदेले राजांनी जागोजाग तलाव बांधले, इंग्रजी अमदानीत बेटवा नदीवर बंधारे पडले आणि स्वातंत्र्यानंतर माताटीलाचे धरण उभे राहिले. साठविलेले पाणी हेच ज्या प्रदेशाचे धन, त्याला पाण्यावर पसरणाऱ्या तणाचे भय अधिक असावे, हे उघडच आहे.

अशा तणांत जलपर्णीचा क्रमांक पहिला. मूळची ही दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोभेची वनस्पती म्हणून बंगालमध्ये आली. तिच्या जांभळट फुलांवर लोक लुब्ध झाले. अनुकूल ऋतूत तिचा विस्तार सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होतो. तिच्या गालिच्याखाली प्रकाश पोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे मरतात, कोळ्याची होडी अडते आणि कालव्यांची तोंडे तुंबतात.

मायदेशी मात्र ती इतकी उन्मत्त नसते, कारण तेथे तिचे वैरी आहेत. त्यांपैकी दोन सोंड्यांच्या कुळातील होत. घरातल्या धान्याला लागणारे सोंडे गृहिणींच्या परिचयाचे आहेत. निओचेटिना वंशाचे हे किडे त्यांचेच दूरचे भाऊबंद. लांबी चारपाच मिलिमीटर, रंग मातकट. प्रौढ किडा पानाची वरची साल खरवडून खातो. मादी देठात अंडी घालते, अळी देठ पोखरीत बुंध्यापर्यंत उतरते आणि अखेर पाण्याखाली मुळांशी कोष करते. पोखरलेल्या देठांत पाणी शिरते, ते कुजतात, आणि रोप खचत जाते. हे काम रोगासारखे सावकाश चालते. एका पिढीलाच सुमारे तीन महिने लागतात.

भारतात हे किडे १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत बंगळूर येथील बागवानी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने आणले गेले. आल्याबरोबर ते सोडले नाहीत. बंदिस्त जागेत ठेवून इतर पिकांवर ते जगतात काय, हे प्रथम पाहिले. नंतर बंगळूरच्या परिसरातील तलावांत सोडल्यावर काही वर्षांत तेथील जलपर्णी लक्षणीय प्रमाणात हटली.

याहून उद्बोधक कथा साल्विनिया या तरंगत्या नेच्याची आहे. केरळातील भातखाचरे व जलमार्ग यानेच व्यापले होते. आफ्रिकेतही तो माजला, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला एका निराळ्याच जातीचे नाव दिले आणि त्या जातीवरचा सोंड्या आणून सोडला. उपयोग फारसा झाला नाही. १९७२ मध्ये हा नेचा वेगळ्या जातीचा असल्याचे सिद्ध झाले. १९७८ मध्ये आग्नेय ब्राझीलमध्ये त्याचे मूळ घर सापडले आणि तेथला सोंड्याही हाती आला. दिसायला तो पहिल्यासारखाच, पण जात निराळी. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील मूनडारा सरोवरात त्याचे सुमारे दीड हजार किडे सोडले. सव्वा वर्षात अंदाजे अठरा हजार टन तण नाहीसे झाले! एका चुकीच्या नावाने कित्येक वर्षे वाया घालविली, हे फायलीवर नावे लिहिणाऱ्या सर्वांनीच ध्यानात घेण्याजोगे आहे.

तोच सोंड्या पुढे भारतात आला आणि केरळात यशस्वी झाला. अलीकडे हा नेचा मध्य प्रदेशातही पोचला. कटनी जिल्ह्यातील एका तलावात जबलपूरच्या तणसंशोधन संचालनालयाने २०१९ मध्ये हे किडे सोडले आणि सुमारे दीड वर्षात पाणी मोकळे झाले. मराठी वस्ती असलेल्या बैतूल जिल्ह्यातील सारणी येथल्या जलाशयातही याच किड्याची योजना झाली.

तरी एका परक्यावर दुसरा परका सोडताना भीती बाळगावी, हे योग्यच. अमेरिकेत १९६९ च्या सुमारास परदेशी काटेरी तणांवर सोडलेला एक सोंड्या पुढे तेथल्या देशी काटेझाडांच्या फुलोऱ्यातही शिरला. त्या काळच्या कसोट्यांत पिकांची काळजी होती; रानटी झाडांची फारशी कोणी केली नव्हती.

आणखी एक अडचण सरकारी आहे. अंदाजपत्रकाचे वर्ष मार्चमध्ये संपते. किड्याला त्याची जाणीव नाही. पाण्यावर ओरड झाली की तण यंत्राने उपसण्याचा ठेका दिला जातो आणि तणाबरोबर किडेही काठावर पडून मरतात. उपसताना तलावाचा एखादा कोपरा राखून ठेवला, तर तेथून ते पुन्हा पसरू शकतात. सांडपाणी मिसळत राहिले, तर मात्र तण इतक्या जोमाने वाढते की किड्यांना त्याची बरोबरी साधत नाही.

बुंदेलखंडासारख्या प्रदेशात उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. लहान तलाव आटला की जलपर्णी वाळते आणि तिच्यावरचे किडेही संपतात. बी मात्र चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहते. पावसाळ्यात ते रुजते, तेव्हा किडे जवळपास नसतात. अशा तलावांसाठी बारमाही पाण्याच्या एखाद्या कुंडात किड्यांचे बियाणे राखून दर पावसाळ्यानंतर ते नव्याने सोडावे लागते.